दारापासून रॅकपर्यंत : महाविद्यालयाचं ग्रंथालय सगळ्यांसाठी उघडताना

आमच्या ग्रंथालयाच्या दारात एका डुगडुगत्या टेबलावर जाडजूड रजिस्टर असतं. आत येणाऱ्यानं नाव, वर्ग, वेळ लिहायची आणि सही करायची. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की त्याच रजिस्टरातून आम्ही रोजच्या वाचकांची सरासरी काढून देतो. मीही वर्षानुवर्षं दिली. दारापर्यंत येऊन माघारी वळलेल्याची किंवा ‘तिथं आपलं काय काम’ म्हणत फाटकातूनच वर्गाकडं गेलेल्याची नोंद त्यात नसते, हे माझ्या डोक्यात शिरायला नोकरीची बारा वर्षं गेली.

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात आणि तिन्हीकडं आमच्यासारखी ग्रंथालयं ढिगानं आहेत. एक ग्रंथपाल, एक लिपिक, दोन परिचर, त्यातली एक जागा कायम रिकामी. पुढचं सगळं अशा ग्रंथालयांना समोर ठेवून लिहिलंय. विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात माणसं आणि पैसा जास्त असतो, पण अडचणी बहुतेक याच.

न येणाऱ्यांची यादी

सुरुवात खरेदीपासून करू नका. आधी कार्यालयातून यंदाच्या प्रवेशांची यादी घ्या. देवघेव सोल किंवा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर वर्षभरात एकही पुस्तक न नेलेल्यांची यादी अर्ध्या तासात निघते. रजिस्टरवर चालत असेल तर दोन दुपारी जातील. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि न येणाऱ्यांच्या नावांपुढं गाव, माध्यम, वर्ग आणि एसटी पासचा मार्ग लिहा. आमच्याकडं ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा जत आणि आटपाडीकडून रोज येणारी मुलं-मुली, ‘कमवा आणि शिका’त दुपारी काम करणारे आणि कला शाखेच्या पहिल्या वर्षाची मुलं अशी तीन झुबकी चटकन दिसली. घोडं कुठं पेंड खातंय ते कळायला एवढं पुरतं.

दिव्यांग विद्यार्थ्यांची माहिती कार्यालयाकडं असते, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. हा कायदा एकूण २१ प्रकारचं अपंगत्व मानतो. आपल्या डोळ्यांपुढं चाकाची खुर्ची आणि पांढरी काठी येते. यादीत मात्र अक्षरं उलटसुलट दिसणारा मुलगा असतो, सिकलसेलची मुलगी असते, दूरचं दिसतं पण छापील अक्षर फुटतं अशी अल्पदृष्टीची विद्यार्थिनी असते. चेहऱ्यावरून यातलं काही कळत नाही. म्हणून ही यादी ग्रंथपालाच्या कपाटात राहू द्या, ती फळ्यावर लागता कामा नये.

मग यादीतल्या दहा-पंधरा जणांशी एकेकट्यानं बोला. ‘तुम्हाला काय सुविधा हव्यात?’ असं विचारलंत, तर ‘काही नको मॅडम, सगळं चांगलं आहे’ हेच उत्तर मिळेल. आपली मुलं भिडस्त. मी विचारते, ‘शेवटचं ग्रंथालयात कधी आलावतास, आणि कुठून परत गेलास?’ मग बोलतात. एकानं सांगितलं, चपला बाहेर काढायला लावता म्हणून येत नाही. त्याच्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्टा होता. तो काढून परत चढवायला वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात तास बुडतो. चपला-बूट बाहेर ठेवण्याचा नियम मीच केला होता, नवी फरशी बसवली तेव्हा.

दाराबाहेरचा रस्ता

आता एका दुपारी फाटकापासून रॅकपर्यंत चालून बघा, पण एकट्यानं नको. चाकाची खुर्ची वापरणारा किंवा काठी घेऊन चालणारा विद्यार्थी सोबत घ्या आणि तो जिथं थांबेल तिथं खडूनं खूण करा. आम्ही केल्या तेव्हा दारापर्यंतच नऊ खुणा झाल्या.

रॅम्पचं गणित सोपं आहे, तरी सगळीकडं चुकतं. प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्या इमारतींना साधारण सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतात, म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट रॅम्प. ठेकेदार जागा बघतो आणि सहा-सात फुटांत उरकतो. त्यावरून खुर्ची वर जात नाही, आणि उतरताना तर सरळ घसरगुंडी होते. आमचा पहिला रॅम्प असाच होता, शिवाय मागच्या दाराला, जे दार कायम कुलूपबंद. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. नॅकच्या फोटोत मात्र तो झकास आला होता. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवा, पण उतार वाढवू नका. दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत कोबा.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी. दोन झडपांपैकी एकच उघडी ठेवायची सवय असेल, तर ती मोडा. आत खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. दोन रॅकमध्ये एवढी जागा काढणं प्रत्येक ठिकाणी जमत नाही, आमच्याकडंही जमलं नाही. तिथं ओळीच्या दोन्ही टोकांना वळायची जागा ठेवली तरी काम भागतं. खुर्चीत बसलेल्याचा हात साधारण चार फुटांपर्यंत पोचतो. त्याच्या वरच्या कप्प्यांत कमी लागणारी पुस्तकं ठेवा आणि ‘वरचं पुस्तक हवं असेल तर घंटी वाजवा’ म्हणून रॅकच्या टोकाला एक साधी टेबलावरची घंटी.

लिफ्ट असेल तर एकच प्रश्न विचारायचा. चावी कुणाकडं असते? आमच्याकडं ती एका शिपायाच्या खिशात होती आणि ते दीड ते अडीच जेवायला जायचे. सगळ्या मुलांचीही तीच मधली सुट्टी.

महापूर आणि वरचा मजला

हे फक्त सांगलीकरांनाच, किंवा नदीकाठच्या कुणालाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथली धोक्याची पातळी ४५ फूट. तळमजल्यावरची पुस्तकं ज्यांनी चिखलातून फावड्यानं काढली, ते पुन्हा तळमजल्यावर पुस्तकं ठेवा म्हटलं की अंगावर येतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. २००५ होतं, २०१९ झालं, २०२१ लाही पाणी आलंच. म्हणून पुरानंतर बऱ्याच जणांनी ग्रंथालयं वर हलवली. पुस्तकं वाचली, पण ज्यांना जिना चढता येत नाही ती मुलं तुटली. आमच्याकडं हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आम्ही काढलेली वाट अशी. पुस्तकांचा मूळ साठा वरच ठेवला. खाली एक खोली घेतली आणि त्यात चाकं लावलेले चार लोखंडी रॅक ठेवले. चाकांना ब्रेक हवेत, नाहीतर कुणी टेकलं की रॅक निघाला. या रॅकवर चालू सत्राची क्रमिक पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं असतात, आणि बाकी काहीही हवं असेल तर फोन किंवा चिठ्ठीवरून परिचर वरून आणून देतात. ‘वरून आणून देऊ’ हे नुसतं म्हणून चालत नाही. किती वेळात, ते भिंतीवर लिहा. आम्ही ‘१५ मिनिटांत’ लिहिलंय.

पावसाळ्यासाठी वेगळा कागद करा. कोयनेतून विसर्ग वाढला आणि आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं, की इशाऱ्याच्या ४० फुटांची वाट न बघता खालचं सामान वर न्यायचं. कोण नेणार, आधी काय नेणार, अंध मुलांसाठीचा बोलणारा संगणक कोण उचलणार, याची नावं जूनमध्येच लिहून ठेवा. आणि पाणी ओसरल्यावर खालची खोली किती दिवसांत पुन्हा सुरू करायची तेही त्याच कागदावर लिहा, कारण वर गेलेलं सामान आपणहून खाली येत नाही.

काउंटर

बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत अजून जाळीची खिडकी आहे. मुलानं मागणी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक लिहायचा आणि आत सरकवायची. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात आलंय, त्याला क्रमांक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. मागं रांग, आतून ‘नंबर कुठाय? नंबर लिही’. तो चिठ्ठी चुरगाळून निघून जातो. मुक्तद्वार करा, पुस्तकं हाताळू द्या. चोरीची भीती मलाही होती. पुस्तकं जातात, थोडीफार. पण चिठ्ठीच्या काळात जी पुस्तकं दहा वर्षांत एकदाही बाहेर पडली नव्हती, ती आता हातात दिसतात. माझ्या हिशेबानं सौदा बरा आहे.

ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी काउंटरवर पाटी-पेन्सिल किंवा लहान पांढरा फळा ठेवा. त्याच्याशी बोलताना तोंड त्याच्याकडं, उजेड आपल्या चेहऱ्यावर. संगणकाच्या पडद्याकडं बघत पुटपुटलेलं कुणालाच कळत नाही, त्याला तर अजिबात नाही. ‘पुस्तक आलं’ हे ओरडून सांगायच्या ऐवजी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका. ही सोय सगळ्यांनाच आवडते. एखादा अंध वाचक आला तर त्याचा दंड धरून ओढू नका. आपलं नाव सांगा आणि आपलं कोपर पुढं करा, तो धरेल.

आता शिक्क्याचं. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पुस्तकांचा संच देणारी पुस्तक पेढी अनेक महाविद्यालयांत आहे, आणि ती फार मोलाची आहे. आमच्याकडं या पुस्तकांवर पहिल्या पानावर जांभळ्या शाईत ‘बी. सी. पुस्तक पेढी’ असा शिक्का असायचा आणि वाटपाच्या दिवशी नावं फलकावर लागायची. एका मुलीनं संचच नेला नाही. नंतर कळलं, खोलीतल्या मैत्रिणींना पहिलं पान दिसेल म्हणून. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली, आणि आम्ही शंभर वर्षांनी शिक्के मारत बसलो होतो. लेखापरीक्षणाला पुस्तक कुठल्या निधीतलं हे कळावं लागतं, एवढीच त्या शिक्क्याची गरज. दाखल नोंदवहीत निधीचा रकाना असतो. पुस्तकावर दाखल क्रमांक पुरतो. वाटपाचा निरोप ज्याच्या त्याच्या फोनवर जातो आणि संच नेहमीच्या काउंटरवरून, नेहमीच्या पुस्तकांसारखाच मिळतो. जुने शिक्के आम्ही खोडले नाहीत, पान विद्रूप झालं असतं. त्यावर ग्रंथालयाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

बोलणारा संगणक

इथं थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात.

पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. विंडोजवर चालतं, मराठीही वाचतं. आवाज यांत्रिक आहे, पण दोन दिवसांत कान सरावतात. साधा संगणक, कान झाकणारा चांगला हेडफोन आणि एफ व जे या कळांवरचे उंचवटे झिजलेले नसलेला कीबोर्ड, एवढं पुरे. कर्मचाऱ्यांनी निदान तीन गोष्टी शिकून घ्याव्यात: कंट्रोल-अल्ट-एननं ते सुरू होतं, कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं, इन्सर्ट-क्यूनं बंद होतं. संगणक तळमजल्यावर, दारापासून सरळ रेषेत ठेवा. आणि त्यावर हजेरीचं काम करू नका! आमचा पहिला बोलणारा संगणक तीन महिन्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला पळवला गेला होता.

हे सगळं मांडून मी खूश होते. जतकडून आलेला एक अंध विद्यार्थी पहिल्यांदा बसला. राज्यशास्त्राच्या नोट्स प्राध्यापकांनी पेनड्राइव्हवर दिल्या होत्या. दोन मिनिटांत त्यानं हेडफोन काढला. ‘मॅडम, हे कायतरी भलतंच वाचायलंय की ओ.’ मी कानाला लावून बघितलं. पडद्यावर मला स्वच्छ ‘भारत’ दिसत होतं आणि मशीन म्हणत होतं, ‘एच-के-के-जे-आर’.

कारण असं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरंच असतो. फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात. डोळ्याला भारत, मशीनला एच-के-के-जे-आर. आपल्याकडच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, परिपत्रकं, छापखान्याकडून आलेल्या पीडीएफ, सगळ्यांत हा आजार आहे. दुसरा आजार, फोटो काढून केलेली पीडीएफ. ती तर मुकीच असते. तपासायचं कसं? फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक. इंग्रजी कचरा आला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच येत नसेल तर तो फोटो आहे.

जुन्या फॉन्टची फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनला खरी मराठी कळेल अशा रूपात बदलणारे फुकट परिवर्तक इंटरनेटवर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा परिवर्तक निराळा, आणि रफार व वेलांट्या हमखास घसरतात. छापील पानांसाठी आम्ही हा क्रम पाळतो.

१. आधी विद्यार्थ्याला विचारायचं, या आठवड्यात कुठलं प्रकरण लागतंय. अख्खं पुस्तक करायला बसलात, तर परीक्षा होऊन जाते.

२. पान सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन. मधल्या शिवणीजवळ अक्षरं वाकली की पुढं सगळं बिघडतं.

३. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सनं उघडायचं. मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध निघतो.

४. कुणीतरी डोळ्यांखालून घालायचं. जोडाक्षरं, आकडे आणि तळटीपा इथं घोटाळे होतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हे काम छान करतात. एकाला वीसपेक्षा जास्त पानं देऊ नका.

५. शीर्षकांना वर्डमधली शीर्षकाची शैली द्यायची, म्हणजे वाचकाला एका कळीनं पुढच्या मुद्द्यावर उडी मारता येते. मूळ पुस्तकाचा पानक्रमांक मजकुरातच लिहायचा, नाहीतर वर्गात ‘पान ८४ उघडा’ म्हटलं की तो एकटा बसून राहतो. नकाशा किंवा आलेख असेल तर त्यात काय आहे ते दोन ओळींत.

हे कायद्यात बसतं का, असं प्राचार्य विचारतील. बसतं. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये तरतूद आली आहे: दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून सुलभ प्रत करता येते. शासनमान्य शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयांनाही ती लागू आहे. अटी दोन. नफा घ्यायचा नाही, आणि प्रत इतरत्र फिरू द्यायची नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ती कुणासाठी आणि का केली ते लिहा, आणि फाइल वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. अशा प्रती देशोदेशी देता-घेता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. तो सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत होता.

पण करत बसण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ बघा. २०१६ पासून चालू असलेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे; छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथं सभासद होता येतं. मराठी पुस्तकं इंग्रजीच्या मानानं कमी, पण असलेलं पुस्तक पुन्हा स्कॅन करण्यात शहाणपण नाही. ज्यांच्याकडं संगणक नाही त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतंच, ते सुरू करून द्या. अल्पदृष्टी असेल तर संगणकावर विंडोज आणि अधिकची कळ दाबली की अक्षर मोठं होतं. कित्येकांना याहून जास्त काही लागतच नाही.

ध्वनिमुद्रण करणार असाल, तर आवाजात नाट्य नको. पंखा बंद, खिडकी बंद, वीस-वीस मिनिटांचे तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला प्रकरण आणि पान. ही वाचणारी मुलंच पुढं चांगले लेखनिक होतात. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, पण त्या वेळेचा उपयोग करता यायला दोघांचा सराव लागतो, आणि सरावाला बोललेलं चालेल अशी खोली लागते. वाचनकक्षात ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं. एक कोपरा असा ठेवा जिथं बोलायला हरकत नाही.

पुस्तक आहे, पण सापडत नाही

आमच्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली होती. सॉफ्टवेअर आलं त्या वर्षी रोजंदारीवरच्या मुलांनी जसं सुचलं तसं टाइप केलं. फुले ‘पीएच’नंही आहेत आणि ‘एफ’नंही. विद्यार्थी मोबाइलवर देवनागरीत ‘फुले’ शोधतो आणि उत्तर येतं, शून्य. ग्रंथालयात पुस्तकं आहेत पंचवीस. एकदम सगळ्या नोंदी बदलणं अशक्य. जे पुस्तक काउंटरवर परत येईल त्याची नोंद त्याच वेळी देवनागरी करायची, असा नियम केला. वर्षभरात चालती पुस्तकं बहुतेक सगळी झाली. पडून राहिलेली राहिली.

वर्गीकरणाचंही असंच. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत धर्माच्या वर्गातले २२० ते २८० एकट्या ख्रिस्ती धर्माला, हिंदू धर्म २९४.५ मध्ये आणि बौद्ध २९४.३ मध्ये कोंबलेला. मराठी साहित्य ८९१.४६. एखादं दलित आत्मकथन कुणी तिथं लावतं, कुणी ९२० च्या चरित्रांत, कुणी समाजशास्त्रात. पुस्तकं एकमेकांपासून तीन रॅक लांब पडतात आणि शोधणाऱ्याला वाटतं, आपल्याकडं एवढीच आहेत. क्रमांक बदलायच्या भानगडीत पडू नका. कॅटलॉगमधल्या विषयशब्दांत जोड द्या आणि दर महिन्याला एका विषयाची सगळी पुस्तकं एका टेबलावर आणून ठेवा. शासनानं काढलेले फुले-आंबेडकरांचे ग्रंथसंच कित्येक ठिकाणी काचेच्या कपाटात कुलपात असतात, जयंतीला हार घालण्यापुरते. ते रॅकवर यावेत.

खरेदीच्या वेळी जिल्हा बघा. जतच्या सीमेवरच्या गावांत कन्नड बोलतात, मिरजेत उर्दू. आमच्या खरेदी समितीत दोन्ही भाषांचं कुणी नव्हतं, म्हणून वीस वर्षांत दोन्ही भाषांतलं एकही पुस्तक आलं नाही. समितीत दोन विद्यार्थी घ्या, त्यातली एक मुलगी. आणि मागणी नोंदवही शिपायाच्या टेबलामागं ठेवू नका.

वेळ, पैसे आणि बसायची जागा

शेवटची एसटी चारला असेल आणि वर्ग साडेतीनला सुटत असतील, तर पाचपर्यंत उघडं ग्रंथालय त्या मुलीच्या काय कामाचं? सकाळी एक तास आधी उघडा. संध्याकाळचा अर्धा तास कमी झाला तरी चालेल. अनामत एकदम भरता येत नसेल तर हप्ते. दंडाची मर्यादा पुस्तकाच्या किमतीवर जाऊ नये, नाहीतर मूल पुस्तकही आणत नाही आणि तोंडही दाखवत नाही.

मुलांची आणि मुलींची अभ्यासिका वेगळी, ही आपल्याकडची रूढ व्यवस्था. पालकांना ती हवी असते, मुलींनाही पुष्कळदा हवी असते, आणि मी ती मोडा म्हणत नाही. पण तृतीयपंथी विद्यार्थी आला तर कुठं बसणार? सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदा झाला, आणि आमच्या सभासद अर्जावर कालपरवापर्यंत ‘कु./श्री.’ एवढंच होतं. तिसरी, सगळ्यांची खोली करा. तिथं मुलं-मुली एकत्र बसून प्रकल्पही करतात, त्यामुळं ती कुणाची ‘वेगळी’ खोली ठरत नाही. ओळखपत्रावर पुकारायचं नाव विद्यार्थी सांगेल ते घाला.

संस्थेसमोर मांडताना

एकदम मोठा प्रस्ताव दिलात तर तो फाइलीत झोपतो. आधी फुकटातलं उरका: चपलांचा नियम, लिफ्टची चावी, शिक्के, एनव्हीडीए, फलकांवरची मोठी काळी अक्षरं. मग पाच-दहा हजारांतलं, म्हणजे हेडफोन, चाकं, घंट्या, कठडे. ते झाल्यावर रॅम्प आणि लिफ्ट. ‘हे सक्तीचं आहे का?’ असं कुणी विचारलंच, तर ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढं ठेवा. सुलभतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा नियम कोर्टानं कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. नॅकच्या मूल्यमापनातही दिव्यांगांच्या सोयी विचारल्या जातात. विश्वस्तांना बहुधा हे दुसरं कारण आधी पटतं. पटू दे.

दारातल्या रजिस्टराशेजारी आम्ही आता एक दोनशे पानी वही ठेवलीय. वर लिहिलंय, ‘आज काय अडलं?’ नाव लिहायची गरज नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर आवाज पाठवायची सोय आहे, ते आमचे लिपिक ऐकून वहीत उतरवतात. दर शनिवारी मी वही वाचते आणि प्रत्येक ओळीपुढं काय केलं, किंवा का जमलं नाही, ते लाल पेनानं लिहिते. मागच्या शनिवारी एक ओळ होती: ‘पाण्याच्या टाकीची तोटी एका हातानं उघडत नाही.’ पुढं लिहिलंय, प्लंबर मंगळवारी येतो म्हणालाय.